जोडीदाराची फेरतपासणी : आठ दिवस आधीपासून त्याच संध्याकाळपर्यंत

हृदयविकाराचा झटका, बायपास, पक्षाघात, किमोथेरपी. यांपैकी कशातूनही माणूस घरी आला की पुढचे कित्येक महिने फेरतपासण्यांचे असतात. बरोबर नवरा किंवा बायको जाते, रांगेत बसते, फाईल धरते. आत गेल्यावर डॉक्टर मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीबद्दल विचारतात, "क्रिएटिनिन पुन्हा केलं का?" आणि दोघे एकमेकांकडे बघतात. मग तीच तारीख पुन्हा, तोच प्रवास पुन्हा.

अशी फुकट गेलेली फेरी बहुधा आदल्या आठवड्यातच फुकट गेलेली असते. म्हणून खालचे टप्पे क्रमाने घ्या. बहुतेक तपशील हृदयविकारानंतरच्या पेशंटसाठी आहेत. किमो, पक्षाघात वा मूत्रपिंडाच्या आजारात जिथे वेगळे करायचे, तिथे तसे लिहिले आहे.

१. तारखेपासून उलटे मोजा

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी फॉलोअपची ओळ असते. तिच्यातली तारीख सगळे वाचतात, पुढचे शब्द कोणी वाचत नाही. 'सीबीसी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लिपिड, इकोसह यावे' असे लिहिलेले असते ते 'सह' महत्त्वाचे. (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.)

भेट गुरुवारी असेल तर आदल्या गुरुवारी कार्ड काढा. सोमवारी सकाळी रक्त द्या, मंगळवारी रिपोर्ट आणा, बुधवारी फाईल लावा. रिपोर्ट लांबला तर बुधवार हाताशी राहतो, तो लागतोच. याला तीन अपवाद आहेत:

- रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) भेटीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी. आठवड्याचा जुना आयएनआर निरुपयोगी.
- किमोच्या पुढच्या सायकलआधीची सीबीसी एक ते तीन दिवस आधी, युनिटने सांगितली असेल तशी.
- स्टॅटिनची (कोलेस्टेरॉलची) गोळी नवी सुरू झाली किंवा डोस बदलला असेल तर लिपिड ४ ते १२ आठवड्यांनी. दहाव्या दिवशी केलेल्या लिपिडवरून काही ठरत नाही.

इकोची मात्र वेगळी तारीख लागते. सरकारी इस्पितळात ती आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आदल्या भेटीतून बाहेर पडतानाच काउंटरवर घ्या.

तपासून पाहा: गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) असो वा जिल्हा इस्पितळात, तारीख तुमच्या डॉक्टरांच्या युनिटच्या ओपीडीच्या दिवशीच येते ना? त्या दिवशी सुट्टी तर नाही? ३ डिसेंबरचे जुने गोव्याचे फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि चतुर्थीचे दिवस हमखास विसरले जातात.

२. गोळ्यांची यादी: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

"निळ्या पाकिटातली, रात्रीची" हे वर्णन डॉक्टरांच्या उपयोगाचे नाही. सरकारी फार्मसीत कंपनी बदलली की पाकीटही बदलते आणि गोळीचा रंगही.

जेवणाच्या टेबलावर घरातली सगळी पाकिटे ओता. फ्रिजवरची, पर्समधली, देवघराच्या खणातली. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतात. यादी त्याच नावाची करा. एका ओळीत पाच गोष्टी हव्यात: मूळ नाव, मिलिग्रॅम, केव्हा घ्यायची, कशासाठी, कोणी सुरू केली. उदाहरणार्थ: एटोरवास्टॅटिन, ४०, रात्री एक, कोलेस्टेरॉल, बांबोळी.

ही मेहनत का, ते एका उदाहरणाने कळेल. इस्पितळातून अॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ अशी दोन वेगळी पाकिटे मिळाली. महिन्याभराने क्लोपिडोग्रेल संपली आणि गावच्या फार्मसीत दोन्ही औषधे एकत्र असलेली कॅप्सूल मिळाली. घरी अॅस्पिरिनचे जुने पाकीट अर्धे शिल्लक होते, तेही चालूच राहिले. आता रोज १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन जाते आहे. हिरड्यांतून रक्त येते, शौचाला काळे होते, आणि दोघांनाही वाटते की "औषध उष्ण पडले". पाकिटांवरची नावे वेगळी, म्हणून कोणाला शंका येत नाही. मूळ नावांची यादी केली की अॅस्पिरिन दोनदा लिहावे लागते आणि चूक लगेच दिसते.

यादीत डॉक्टरांनी न दिलेल्या गोष्टीही लिहा: गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली डायक्लोफेनॅक, चूर्ण, काढा, केसांसाठीची बायोटिनची गोळी. पहिली हृदयाला आणि मूत्रपिंडाला बाधते. शेवटची थायरॉईड आणि ट्रोपोनिनचे (हृदयाला इजा झाली का ते सांगणाऱ्या तपासणीचे) आकडे बिघडवू शकते. पेशंट यांना औषध समजतच नाही, म्हणून "आणखी काही घेता का?" या प्रश्नाला उत्तर कायम "नाही" येते.

सावधान: स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) घातल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात, झटक्यानंतर साधारण वर्षभर. दात काढायचा म्हणून, किंवा "आता बरे वाटते" म्हणून त्या स्वतः बंद करू नका. दंतवैद्याने सांगितले तरी आधी हृदयरोग डॉक्टरांना विचारा. स्टेंटमध्ये गुठळी होणे हा दुसरा झटकाच असतो.

३. सात दिवसांची नोंदवही

ओपीडीतला एकच रक्तदाब फसवा असतो. प्रवास, जिना, गर्दी यांनी तो चढलेला असतो, आणि त्यावरून गोळी वाढली की घरी चक्कर सुरू. घरचे सात दिवसांचे आकडे नेले की ही चूक टळते. पण ते नीट घेतलेले हवेत.

१. दंडाचे यंत्र घ्या, मनगटाचे नको. कफावर दंडाचा घेर सेंटिमीटरमध्ये छापलेला असतो, टेपने मोजून जुळवा. कफ लहान पडला तर आकडा खोटा चढतो.
२. आधी अर्धा तास चहा, विडी-सिगारेट, चालणे नको. लघवी करून बसा.
३. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. पाच मिनिटे गप्प.
४. उघड्या दंडावर मोजा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वेळा, सकाळी गोळीआधी आणि रात्री.
५. पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत धरू नका. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी वहीच्या वर लिहा.

मोजताना जोडीदाराशी बोलू नका, ही सूचना मुद्दाम तुमच्यासाठी आहे. "किती आला, किती आला?" असे समोर उभे राहून विचारल्यानेही आकडा वाढतो.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून मोजल्यावर उभे करा आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते वहीत ठळक लिहा.

हृदयाची पंपिंग कमी असेल तर वजनही. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ म्हणजे अंगात पाणी साचते आहे. असे दिसले तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.

वहीच्या शेवटच्या पानावर खाण्यातले बदल लिहा. आपल्याकडे इथेच घोळ होतो. आजारी माणसाला पेज आणि तिच्यासोबत खारो बांगडो, लोणचे नाहीतर चेपणीची तोरे (मिठात मुरवलेल्या कैऱ्या). पेज हलकी खरी, पण मीठ पानातल्या त्या कोपऱ्यात असते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावातलेही आले. दुसरे, शहाळे. अशक्तपणा आहे म्हणून पाहुणा येतो तो शहाळी घेऊन येतो. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या चालू असतील, तर शहाळ्यातले पोटॅशियम अंगात साठू शकते. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठातही बहुतेकदा पोटॅशियमच असते.

वॉरफेरिनवाल्यांनी श्रावण सांभाळावा. मासळी बंद होते आणि तांबडी भाजी, तायकिळो (टाकळा), शेवग्याचा पाला रोज ताटात येऊ लागतो. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने आयएनआर खाली येतो आणि डॉक्टर बिचारे कारण शोधत डोस वाढवतात. भाजी सोडू नका. प्रमाण वर्षभर साधारण सारखे ठेवा आणि बदलले तर सांगा. फेणी-उर्राकबद्दलही खरे सांगा, 'चतुर्थीला थोडी' सुद्धा.

४. रक्त देण्याची सकाळ

'उपाशी' या शब्दाचे प्रत्येक घरी वेगळे अर्थ आहेत. बरोबर अर्थ हा: रात्रीचे जेवण झाल्यावर साखरेच्या तपासणीसाठी किमान ८ तास, लिपिड उपाशी मागितले असेल तर ९ ते १२ तास काही नाही, फक्त साधे पाणी. पाणी प्यायचेच; कोरडे राहिले की शीर सापडत नाही आणि क्रिएटिनिनही थोडे चढते. बिनसाखरेचा चहा चालत नाही. संध्याकाळी सातला जेवून दुसऱ्या दिवशी अकराला रक्त देणे हे १६ तास झाले. मधुमेही माणसाला एवढे ताणू नका.

गोळ्यांचा क्रम आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सर्वसाधारणपणे रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घेता येते, मधुमेहाची गोळी आणि इन्सुलिन खाण्याबरोबरच, थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर.

जेवणानंतरची साखर मोजताना दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. खाणे रोजचेच हवे, पाव-भाजी तर पाव-भाजी, आणि गोळ्याही रोजच्या. आकडा चांगला यावा म्हणून एक इडली खाऊन दिलेल्या रक्ताने फक्त तुमची समजूत निघते.

रिपोर्ट आल्यावर हे बघा:

- पोटॅशियम अचानक जास्त आणि शेरा 'हिमोलाइज्ड' असेल तर नमुन्यातल्या रक्तपेशी नळीतच फुटल्या असण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि तपासणी पुन्हा करा.
- नुकतेच रक्त चढवले असेल तर एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर) विसंबू नका.
- एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०० च्या आत असला की लॅबचा कागद 'नॉर्मल' म्हणतो. झटक्यानंतर डॉक्टरांना तो ७० च्या, बऱ्याचदा ५५ च्याही खाली हवा असतो. कागदावर 'जास्त'ची खूण (तारा) नाही म्हणून गोळी बंद करणारे बरेच आहेत.

५. प्रश्न तीनच, आणि ते पेशंटचे

आदल्या दिवशी दोघे बसा. 'काय विचारायचे' याआधी 'मी तिथे काय बोललेले चालेल' हे जोडीदाराला विचारा. घरी चोरून ओढलेली सिगारेट तुम्ही डॉक्टरांसमोर फोडलीत तर पुढच्या वेळी तो माणूस तुम्हाला बाहेर बसवेल. तिथे बोलायचे असेल तर ते घरून ठरवून जा.

तीन प्रश्न लिहा, महत्त्वाचा सर्वांत वर. चौथा मनात असतोच आणि बहुतेक जोडपी तो न विचारता परततात: पुन्हा जवळ येणे केव्हा सुरू करायचे? गुंतागुंत नसलेल्या झटक्यानंतर ढोबळ खूण अशी की दोन जिने छातीत न दुखता, दम न लागता चढता येतात का. तारीख डॉक्टर सांगतील. संकोच वाटत असेल तर चिठ्ठी पुढे करा. पण बाजारातली उत्तेजक गोळी न विचारता मुळीच घेऊ नका. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर ती रक्तदाब जीवघेणा खाली आणते.

६. फाईल

थोडक्यात. सर्वांत वर गोळ्यांची यादी आणि रक्तदाबाची सरासरी, त्याखाली डिस्चार्ज कार्ड, मग ताजे रिपोर्ट, मग जुने उतरत्या तारखेने. स्टेंट किंवा पेसमेकरचे कार्ड वेगळ्या प्लास्टिकमध्ये, एमआरआयच्या वेळी ते आधी मागतात. ईसीजीच्या थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, आजच झेरॉक्स काढा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू वर्षाचे आहे ना, तेही बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख हे खरे, पण ती ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर चालते. ओपीडीतली प्रत्येक तपासणी तिच्यात बसेल असे धरू नका.

७. जाण्याचा दिवस

काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळी गाठायची म्हणजे पहाटेच निघावे लागते. चोडणकरांना फेरीबोटीची रांग धरून वेळ काढावा लागतो. पिशवीत पाणी, दुपारच्या गोळ्या, मधुमेह असेल तर साखर आणि बिस्किटे, हाताशी जिभेखालची गोळी. ती गोळी तुमच्या खिशात नको, पेशंटच्या खिशात हवी. तुम्ही केस पेपरच्या रांगेत असताना दुखू लागले तर?

बायपासनंतर छातीचे हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी जास्त लागतात. तोवर स्कूटर नाही, पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसणेही नाही. गाडीत मागच्या सीटवर, पट्टा लावून, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी. किमोवाल्यांनी मास्क लावावा आणि गर्दीच्या बाकावरून थोडे लांब बसावे.

तपासून पाहा: तुमची स्वतःची सकाळची गोळी घेतलीत का? सोबत आलेला माणूस रांगेत चक्कर येऊन पडल्याची उदाहरणे ओपीडीतल्या नर्सना विचारा.

८. डॉक्टरांसमोर

नेहमीचा प्रसंग असा:

"काय म्हणता?"
"बरं आहे डॉक्टर."

संपले. घरी मात्र मधल्या पायरीवर थांबावे लागते, रात्री दोन उशा लागतात. इथे बायकोने "यांना दम लागतो" असे सांगून मोकळे होऊ नये. "अहो, जिन्याचं सांगा ना," एवढेच म्हणावे. दम किती पायऱ्यांवर लागतो, किती वेळाने बसतो, हे ज्याला लागतो त्यालाच ठाऊक असते. पक्षाघाताने बोलणे गेले असेल तर गोष्ट वेगळी, तरी प्रश्न पेशंटकडे बघून विचारू द्या आणि उत्तराला वेळ द्या.

तुमचे काम चार गोष्टींचे: यादी पुढे करणे, राहिलेला प्रश्न आठवून देणे, लिहून घेणे आणि शेवटी वाचून दाखवणे. "ही बंद, ही अर्धी, ही नवी. पुढच्या वेळी क्रिएटिनिन. बरोबर ना?" या वाक्याला दहा सेकंद लागतात. रेकॉर्डिंग करायचे तर आधी विचारा.

गोळी बंद झाली तर 'कायमची की पुढच्या तारखेपर्यंत?' हे विचारल्याशिवाय उठू नका.

९. त्याच संध्याकाळी

घरी आले की अंग टाकावेसे वाटते. चहा घ्या, पण डबीत बदल आजच करा. आठवड्याची डबी पूर्ण रिकामी करून नव्या चिठ्ठीप्रमाणे भरा. जुन्या डबीतून फक्त बंद झालेली गोळी वेचून काढू गेलात तर सारख्या दिसणाऱ्या दोन पांढऱ्या गोळ्या चुकतातच. बंद झालेली पाकिटे फार्मसीत विचारून परत करा किंवा फेकून द्या, 'लागतील कधी' म्हणून ठेवू नका. यादी नव्याने लिहून वर आजची तारीख टाका. जुनी फाडा.

नव्या गोळीमुळे पाच-सात दिवसांनी रक्त करायला सांगितले असेल तर कॅलेंडरवर आजच खूण करा. लघवीच्या गोळीनंतरचे पोटॅशियम सर्वांत जास्त विसरले जाते, कारण पुढची मोठी तारीख तीन महिन्यांवर असते.

१०. तारखेची वाट कधी पाहायची नाही

छातीत दुखणे विश्रांतीने आणि सांगितलेल्या गोळीने पाच मिनिटांत थांबले नाही. चेहरा वाकडा, हात गळलेला, जीभ जड. काळी शौच किंवा न थांबणारे रक्त. आडवे पडल्यावर गुदमरणे. यांपैकी काहीही झाले तर १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि तास मोजतात ते माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. ती वेळ लिहूनच निघा. किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच न्या.

फ्रिजवर एक कागद लावा: आजाराचे नाव, गोळ्यांची यादी, युनिटचा फोन आणि घराचा पत्ता. पत्ता पोस्टाचा नको. वाड्याचे नाव, घर क्रमांक, आणि जवळचे देऊळ किंवा खुरीस (क्रूस) कोणत्या वळणावर आहे ते लिहा. रात्री दोन वाजता १०८ च्या ड्रायव्हरला फोनवर हेच सांगावे लागते, आणि सांगणारी व्यक्ती त्या वेळी शेजारची पोरही असू शकते.